सुभेदाराला केलेली क्षमा

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन असे. म्हणून आदल्या शनिवारी आमच्या घरात दोन कामे होत: काळ्या मनुका भिजत घालणे आणि भांडणे मिटवणे. मनुकांचे काम माझ्याकडे होते. त्या निवडायच्या, देठ काढायचे, तीन पाण्यांनी धुऊन कल्हईच्या पातेल्यात भिजत घालायच्या आणि रविवारी सकाळी उकळून, कुस्करून, मलमलीच्या फडक्यातून गाळायच्या. तो गडद रस मग देवळात छोट्या काचेच्या पेल्यांतून फिरे. भांडणांचे काम आईकडे होते. शास्त्रात सांगितले आहे की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग ये. बहुतेक लोक हे वाचून मान हलवतात आणि पान उलटतात. माझी आई हे वाचून चपला घालत असे.

ओट्यावर बसून ती बोटांवर महिन्याभरातली माणसे मोजी आणि मग एकेकाकडे निघे. दूधवालीला ती 'पाणी घालतेस' असे म्हणाली होती, तिची माफी. शाळेच्या शिपायाशी बोलताना आवाज चढला होता, त्याची माफी. एकदा तर एसटीच्या एका कंडक्टरला ती मनातल्या मनात मेला म्हणाली होती. त्याची माफी मागायला ती स्टँडवर जाऊन बसली आणि दोन गाड्या सोडून तिसऱ्या गाडीत तिने त्याला गाठले. त्या बिचाऱ्याला काही आठवेना. त्याने घाबरून तिला ड्रायव्हरमागच्या जागेवर बसवले आणि घंटी मारली. आई दोन थांबे पुढे उतरली आणि उन्हातून चालत घरी आली, पण चेहरा अगदी धुऊन काढल्यासारखा स्वच्छ.

नोएल, रीना, तुम्हाला तुमची आजी माहीत आहे ती फोनच्या पडद्यावरची. चष्मा, पांढरे केस आणि मागे कपाट. त्या कपाटात प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असते, चिठ्ठीवर तारीख असते आणि बरण्या उंचीप्रमाणे लावलेल्या असतात. मधे एक जागा रिकामी दिसते तिथे निळी काचेची बरणी होती. ती गेल्या नाताळात, तुम्ही आला होता तेव्हा, शेजारच्या मांजराने फोडली. तुमची आई माझ्या या टापटिपीचे कौतुक करते, पण ती माझी कमाई नाही. माझी आई बरण्या कशाही ठेवी. ती माणसांशी असलेले संबंध असे ओळीने, झाकणे घट्ट लावून ठेवत असे. मी तिच्याकडून सवय घेतली आणि सोपी वस्तू निवडली.

आम्ही तेव्हा शेवगावच्या बाजूला एका खेड्यात मिशनच्या आवारात राहत होतो. जिल्ह्याचे नाव आता बदलले आहे, पण माझ्या तोंडात अजून नगरच येते, तेव्हा इथेही तेच राहू दे. आवारात दगडी देऊळ, त्यावर पत्रा, शेजारी शाळा आणि शाळेमागे एका ओळीत सहा घरे. दोन घरांच्या अंगणांमध्ये कमरेएवढी दगडी भिंत. या भिंतीमुळे घरे वेगळी होत नसत, बोलायला कोपर टेकवायची सोय तेवढी होई. दादा, म्हणजे माझे वडील, शाळेचे हेडमास्तर होते. शांती करणारे धन्य, या वचनावर त्यांचा फार विश्वास होता, आणि घरात आवाज चढला की ते शांती करण्यासाठी शाळेत निघून जात. सुट्टीच्या दिवशीही शाळेत त्यांना बरेच काम निघे.

संध्याकाळी दिवेलागणीला कुटुंबाची प्रार्थना. चुलीवर हुलग्याची शेंगोळी रटरटत असायची आणि लसणाचा वास थेट डोळे मिटलेल्या माणसापर्यंत यायचा. त्यामुळे माझ्या बहुतेक प्रार्थना भुकेल्या पोटीच्या आणि म्हणून कळकळीच्या होत्या. एक उतारा वाचला जाई, एक वचन पाठ करायला मिळे. दुसऱ्या दिवशी आई 'वचन पाठ झालं का' असे विचारत नसे. 'वचन केलंस का' असे विचारी. आम्ही सबबी सांगू लागलो की ती एकच शब्द उच्चारी, 'लिहिलंय.' त्यापुढे अपील नव्हते. एकदा दादा म्हणाले की काळ बदललाय, थोडं समजून घ्यावं लागतं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "काळ बदलतो म्हणून तर लिहून ठेवलंय. नाहीतर तोंडी सांगितलं असतं." दादा शाळेत गेले.

भिंतीपलीकडे मार्थाकाकू राहत. नात्याने कोणी नव्हत्या, पण मला अंगाखांद्यावर वाढवलेल्या. नवरा देवळाची घंटा वाजवायचा. तो गेल्यावर घंटेची दोरी काकूंच्या हातात आली. अक्षरओळख बेताची, पण भजने दोनशे पाठ आणि आवाज असा की घंटा वाजली नसती तरी चालले असते. काकूंना मूलबाळ नव्हते. होता तो एक कोंबडा, सुभेदार. तांबडा, पोटऱ्यांवर पिसे असलेला, चालताना प्रत्येक पाऊल तपासून टाकणारा. तो भिंतीवरून आमच्या अंगणात उतरे, पाहणी करी आणि काही चोच मारण्यासारखे नसेल तर नाराजीने परत जाई. आई त्याला सहन करी, कारण शेजाऱ्यावर प्रीती करायची आहे, आणि शेजाऱ्यात कोंबडा धरायचा की नाही याचा खुलासा तिला कुठे सापडला नव्हता.

आता माझे. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन बसले होते आणि मला नगरला कॉलेजात जायचे होते. इंग्रजी शिकायचे होते. किती जायचे होते हे तुम्हाला कळणार नाही, कारण तुम्हाला जिथे जायचे असते तिथे तुमचे बाबा गाडीने सोडतात. नगरला आमच्या लोकांसाठी मुलींचे वसतिगृह होते, पण तिथल्या बाईंना पाळकांचे पत्र लागे की ही मुलगी मंडळीची पूर्ण सभासद आहे आणि वागणुकीला चांगली आहे. पूर्ण सभासद व्हायचे म्हणजे शिकवणीचा वर्ग करायचा, पंचांपुढे प्रश्नोत्तरे द्यायची, आपल्या वागण्याविषयी मंडळीतल्या एका जाणत्या माणसाची साक्ष आणायची आणि मग रविवारी सगळ्यांसमोर विश्वास कबूल करून पहिल्यांदा प्रभुभोजन घ्यायचे. माझा दिवस ठरला होता जूनचा पहिला रविवार. साक्ष द्यायच्या होत्या मार्थाकाकू.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी आई बायकांच्या सभेला गेली होती. भिंतीवर लिंबाच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी उन्हात ठेवलेली, तोंडाला फडके बांधलेले. ही बरणी आईला लग्नात तिच्या आईने दिली होती. मी भिंतीवर बसून दहा आज्ञा इंग्रजीत पाठ करत होते. पंचांवर छाप पाडायचा विचार होता. पाठ करताना तोंड कोरडे पडते, म्हणून मी फडके सोडून एक फोड घेतली. मग दुसरी. तिसरी खालच्या थरात होती. मी हात कोपरापर्यंत आत घातला आणि बाहेर काढताना बरणी हाताबरोबर आली, तिथून आपल्या मार्गाने खाली गेली. त्या वेळी मी चोरी करू नकोस या आज्ञेवर होते की त्याआधीच्या, हे आता आठवत नाही. चोरीवर असते तर गोष्ट जास्त चांगली झाली असती, पण या प्रकरणात तरी मी खरे लिहायचे ठरवले आहे.

आई आली तेव्हा मी हात धुऊन मनुका निवडत होते, ज्या निवडायला अजून दोन दिवस अवकाश होता. तिने तुकडे पाहिले. रसात माखलेल्या फोडी पाहिल्या. भिंतीवर पडलेली दोन तांबडी पिसे पाहिली, जी रोजच तिथे असत. मग माझ्याकडे वळून तिने विचारले, "मार्थाचा कोंबडा होता ना?"

मी म्हणाले, "हो."

एवढेच. एक अक्षर. तुमचा होय तो होय असावा असे लिहिलेले आहे आणि त्या दिवसाचे माझे पाठ करायचे वचन तेच होते. पेत्राने प्रभूला नाकारले तेव्हा कोंबडा एका पहाटेपुरता आरवला आणि पेत्र सुटला. मला महिनाभर रोज पहाटे भिंतीपलीकडून ऐकावे लागले.

आईचे डोळे भरून आले, तिने तुकडे पदरात गोळा केले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतले. त्या दिवशी तिने राग गिळला, शुक्रवारी पुन्हा गिळला, आणि शनिवारी संध्याकाळी चपला घातल्या. मला वाटले भांडायला जाते. तसे झाले असते तर बरे झाले असते, कारण भांडणाची काकूंना सवय होती. आई भिंतीपाशी उभी राहिली, काकूंना हाक मारली आणि अतिशय गोड आवाजात म्हणाली, "मार्था, माझ्या मनात काही नाही. मी तुझ्या कोंबड्याला क्षमा केली."

काकू तांदूळ पाखडत होत्या. त्यांचे सूप थांबले. "कशाची?" त्यांनी विचारले.

आईने सांगितले. काकूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग सांगितले की गुरुवारी सुभेदार दिवसभर बांबूच्या डालग्याखाली होता. त्याच्या पायाला काटा लागून पाय सुजला होता, त्यावर हळद लावून त्याला कोंडून ठेवला होता. पिसे काय, रोजचीच. आई म्हणाली, असू दे मार्था, मी क्षमा केलीच आहे. काकू म्हणाल्या, पण त्यानं काही केलंच न्हाई. आई म्हणाली की सुशीलाने स्वतः पाहिले आहे आणि माझी सुशीला खोटे बोलत नाही. काकूंनी भिंतीवरून माझ्याकडे पाहिले. माझ्यावर त्यांनी संशय घेतला असता तर सगळे तिथेच मिटले असते. पण त्या म्हणाल्या, "पोर खोटं न्हाई बोलायची. तिला उनाचं दुसरं कायतरी दिसलं आसंल." आणि मग आईकडे वळून, सूप बाजूला ठेवून, कमरेवर हात घेऊन म्हणाल्या, "मास्तरीनबाई, तुमी तुमची क्षमा परत घ्या."

आईला असे कोणी कधी म्हटले नव्हते. ती म्हणाली की क्षमा परत घेता येत नाही. सत्तर वेळा सात करायची असते, ती एकदा केलेली परत कशी घेणार. काकू म्हणाल्या, निर्दोष जनावराला क्षमा करणे म्हणजे त्याच्या माथी पाप मारणे. आई म्हणाली, क्षमा नाकारणे हा गर्व आहे. काकू म्हणाल्या, आमचा सुभेदार मान ताठ ठेवतो ती देवानं दिलेली मान हाय. दादा शाळेत गेले.

दुसऱ्या दिवशी देवळात काय झाले ते ऐका. पाव आणि रस फिरू लागला तेव्हा काकू घंटेच्या दोरीपाशी जाऊन बसल्या, कारण आपल्या बहिणीच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर वेदीपाशी यायचे नसते, आणि आईच्या मनात क्षमा होती. ते पाहून आईही उठून मागे गेली, कारण आता काकूंच्या मनात आईविषयी काही होते. दोघी दोन टोकांना, डोळे मिटून, एकमेकींसाठी मोठ्याने सुस्कारे टाकत. पाळकसाहेबांनी ताट तसेच धरून दोन्हीकडे पाहिले. ते सज्जन, स्थूल आणि घाईत नसलेले गृहस्थ होते. त्यांचा शास्त्राचा अभ्यास दांडगा होता, पण कोंबडीच्या रश्श्यापुढे तोही थोडा मऊ पडे, हे सगळ्या मंडळीला ठाऊक होते. त्यांनी नंतर दोघींना समजावून पाहिले. आई म्हणाली, लिहिलंय. काकूही म्हणाल्या, लिवलंय. पाळकसाहेब मला म्हणाले की भांडणारी माणसे समजावता येतात, पण दोन्ही बाजूंनी वचन पाळायला सुरुवात केली की पाळकाचे काही चालत नाही.

सगळा महिना असा गेला. काकू दुपारच्या प्रार्थनेची घंटा नेमकी आईच्या डुलकीच्या वेळी आणि नेमाहून दुप्पट वाजवू लागल्या. आईने बदला म्हणून नव्हे, तर प्रीती म्हणून, रोज एक भाकरी कुस्करून भिंतीवर सुभेदारासाठी ठेवायला सुरुवात केली, कारण वैरी भुकेला असेल तर त्याला खायला द्यायचे असते. सुभेदार ती खाई. काकू त्याला हाका मारत आणि तो ऐकत नसे. त्यावरून त्यांचा जास्तच जळफळाट झाला, आणि सुभेदार वजनाला चांगला भरला.

मी मधे मनुकेसारखी फुगत चालले होते. रोज ठरवी की आज सांगू. पण सांगितले की साक्ष गेली, साक्ष गेली की सभासदत्व गेले, मग पत्र नाही, वसतिगृह नाही, इंग्रजी नाही. मी अगदी पद्धतशीर मुलगी होते. मी कागदावर दोन रकाने पाडून सांगण्याचे फायदे आणि तोटे लिहिले. तोट्यांचा रकाना भरून पान उलटावे लागले. फायद्यांत एकच ओळ होती: झोप लागेल.

जूनच्या पहिल्या रविवारच्या तीन दिवस आधी पाळकसाहेबांनी आईला आणि काकूंना एकत्र बोलावून स्पष्ट सांगितले. ज्या मुलीच्या घरात आणि जिच्या साक्षीदाराच्या घरात असा अबोला आहे, तिला मी रविवारी उभी कशी करू? शनिवारपर्यंत मिटवा, नाहीतर सुशीलाचे पुढे ढकलावे लागेल. पुढच्या महिन्यापर्यंत वसतिगृह भरून जाईल हे सगळ्यांना माहीत होते. आईकडे देण्यासारखे क्षमा सोडून काही नव्हते आणि तीच तर भांडणाचे मूळ होती. काकू घरी आल्या, बराच वेळ उंबऱ्यावर बसल्या, मग भिंतीपाशी येऊन आईला नव्हे, मला म्हणाल्या, "सुशे, तुजं नगर माज्या कोंबड्यापायी अडाया नगं. ऱ्हाऊ दे. फोडली म्हन त्यानंच बरनी. शनवारी त्याला पाळकसायबाच्या घरी देते. रईवारी तुज्या नावानं सगळ्यास्नी रस्सा घालू आन् मिटवू."

असे म्हणताना त्या रडल्या नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी दुपारची घंटा वाजवली ती इतकी हळू की आईची झोप मोडली नाही, आणि मोडली नाही म्हणूनच आई दचकून उठून बसली.

शनिवारी चार वाजता पाळकसाहेबांच्या पडवीत माझी प्रश्नोत्तरे. मध्यभागी पाळकसाहेब, दोन्ही बाजूंना दोन पंच, समोर सतरंजीवर आई, दादा आणि काकू. आणि पडवीच्या कोपऱ्यात उपडे ठेवलेले काकूंचे बांबूचे डालगे, आत सुभेदार. काकू साक्ष आणि सुभेदार असे दोन्ही एकाच फेरीत घेऊन आल्या होत्या. आतून पाळकीणबाई मसाला वाटत असल्याचा आवाज येत होता. खोबरे भाजल्याचा वास सगळ्या पडवीत होता. एक पंच अधूनमधून डोळे मिटून नाकाने श्वास घेत होते आणि ते चिंतन करत आहेत असे दिसत होते.

मी उत्तरे भराभर दिली. दहा आज्ञा इंग्रजीत म्हणून दाखवल्या. पंचांना इंग्रजी येत नव्हते, त्यामुळे त्यांना फारच आवडल्या. मग पाळकसाहेबांनी विचारले की तारण कसे होते ते सांग. हा आमच्या वर्गातला शेवटचा धडा, मला तोंडपाठ होता. मी सुरू केले: दोष आपला होता. शिक्षा आपल्याला व्हायची होती. पण ज्याचा काही दोष नव्हता त्याने आपल्या जागी...

इथे डालग्यात खसखस झाली. मी पाहिले. बांबूच्या दोन कामट्यांच्या मधून सुभेदार माझ्याकडे बघत होता. कोंबडा समोरून बघत नाही, मान वाकडी करून एकाच डोळ्याने बघतो. तो गोल, पिवळा, न मिटणारा एक डोळा. आत पाटा थांबला आणि पाळकीणबाईंनी सुरी कुठे आहे असे कोणाला तरी विचारले.

"बरणी मी फोडली," मी म्हणाले.

पाळकसाहेबांना वाटले मी शास्त्रातले काही सांगते आहे. ते थोडा विचार करून मायेने म्हणाले, "सारफथच्या विधवेचं म्हणतेस का? ते पिठाचं मडकं होतं, बाळ. आणि ते फुटलं नाही." मी म्हणाले, विधवेचे नाही, आमचे, लोणच्याचे. सुभेदार तिथे नव्हता. मी भिंतीवर बसून फोडी खात होते. आईने विचारले तेव्हा मी हो म्हणाले, ते खोटे होते. मग मी रडायला लागले आणि पुढचे कोणाला कळले नाही, पण पुढचे काही नव्हतेच.

दादा आयुष्यात पहिल्यांदा भांडणाच्या जागी बसून राहिले. दोन्ही पंच एकमेकांकडे आणि मग स्वयंपाकघराकडे पाहू लागले. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि काकूंना विचारले की साक्ष द्यायची आहे का अजून. काकू उठून उभ्या राहिल्या. मला वाटले आता घंटेचा आवाज निघणार.

"देते की," त्या म्हणाल्या. "म्हैनाभर खोटं बोलली. आज कुनी न इचारता खरं बोलली. दोन्ही लिवा." आणि मग माझ्याकडे न बघता आईपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "मास्तरीनबाई. आता."

आईचा चेहरा मी पाहिला नाही, माझी हिंमत नव्हती. मला फक्त तिचे पाय दिसत होते. सतरंजीवर अनवाणी, एकाच जागी. मग ते काकूंच्या दिशेने एक पाऊल पुढे आले. "मार्था," ती म्हणाली, "मी क्षमा परत घेते. तू मला क्षमा कर."

काकूंनी जरा वेळ लावला. एक महिना वाट पाहिलेली वस्तू हातात आली की माणूस ती लगेच ठेवून देत नाही. मग म्हणाल्या, "केली." आणि जाऊन डालगे उचलले. सुभेदार बाहेर आला. पिसे झटकली, पडवीची पाहणी केली, पाळकसाहेबांच्या पायापाशी थांबून त्यांना एका डोळ्याने न्याहाळले आणि पायऱ्या उतरून सावकाश निघून गेला. पाळकसाहेब त्याच्या पाठीकडे दिसेनासा होईपर्यंत बघत होते. सत्याचा विजय झाल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होते, पण त्याला थोडा वेळ लागला. पाळकीणबाईंनी तो सगळा वाटलेला मसाला वांग्यात घातला.

त्या रविवारी मला उभे केले नाही. पाळकसाहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात. आईने आणि काकूंनी शेजारी शेजारी बसून प्रभुभोजन घेतले आणि मी मागे घंटेच्या दोरीपाशी बसून मी स्वतः गाळलेला रस दुसऱ्यांना पिताना पाहिला. पण आदल्या संध्याकाळचे सांगायचे राहिले. घरी आल्यावर आईने चूल पेटवली, पीठ मळले. मी दारात उभी. मी मार खायला तयार होते, आणि खरे तर मिळाला असता तर हलके वाटले असते. तिने पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि पाठमोरी असतानाच म्हणाली, "आज मार्थाकडून एक क्षमा परत आली. मी ती ठेवून काय करू? घे तू." मग भाकरी उलटून म्हणाली, "आणि उद्या लिंबं आण. लोणचं तू घालायचंस."

पत्राचे असे झाले. पाळकसाहेबांचे अक्षर वाईट होते आणि इंग्रजी पत्रांची सुवाच्य प्रत ते नेहमी माझ्याकडून करून घेत. सोमवारी त्यांनी बोलावले आणि कच्चा कागद पुढे ठेवला. त्यात वसतिगृहाच्या बाईंना लिहिले होते की ही मुलगी अद्याप मंडळीची पूर्ण सभासद नाही, कारण तिने एक खोटे सांगितले आणि ते एक महिना चालवले. ते खोटे तिने स्वतः, कोणी विचारले नसताना आणि तोंडाशी आलेला लाभ गमावून, कबूल केले. जुलैत तिला मंडळीत घेण्यात येईल. मी जबाबदारीने शिफारस करतो. त्या पत्राची मी सर्वांत सुंदर अक्षरात प्रत केली. इंग्रजीत लिहिलेले माझे पहिले महत्त्वाचे लिखाण म्हणजे माझा स्वतःचा कबुलीजबाब. नगरच्या बाईंनी जागा दिली. पुढे त्या मला म्हणाल्या की चांगल्या वागणुकीची पत्रे त्यांच्याकडे कपाटभर होती, त्यातल्या किती मुलींचे खरे होते ते त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. माझ्याबद्दल मात्र पहिल्या दिवसापासून सगळे माहीत होते.

जुलैत मी एका रविवारपुरती गावी आले, मंडळीपुढे उभी राहिले आणि काकूंनी साक्ष दिली, दोन्ही वाक्यांची. एसटीत चढताना त्यांनी खिडकीतून एक नवी चिनी मातीची बरणी माझ्या मांडीवर ठेवली. लोणचे मीच घातलेले होते, मीठ जास्त झालेले. सुभेदार पुढे कितीतरी वर्षे जगला. मी सुट्टीत घरी आले की पहाटे तो भिंतीवर चढून, तोंड आमच्या दाराकडे करून आरवत असे. काकू म्हणत, तुला वळखतो.

तुमच्या फोनमध्ये शास्त्राची कितीतरी भाषांतरे आहेत असे नोएल मला सांगतो, आणि मलाही त्यांतली मोठ्या अक्षरांची आवडतात. शब्द थोडे पुढेमागे होतात. आईचे शास्त्र जाड पुठ्ठ्याचे, कडा झिजलेले, हळदीचे डाग पडलेले होते, ते आता माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे. मी ताडून पाहिले आहे. वेदीपाशी आठवले तर आधी जाऊन समेट कर, हे सगळ्यांत तसेच आहे. जायचे कोणाकडे, एवढे मात्र दर वेळी आपल्यालाच शोधावे लागते, आणि माझ्या आईसारखी बाईही एकदा चुकीच्या घरी गेली.

तर नोएल, हे प्रकरण मी तुला आधी पाठवते आहे, रीनाला नंतर. शेजारच्या देशपांडेबाई गेल्या नाताळात आठ दिवस लेकीकडे पुण्याला गेल्या होत्या, आणि त्यांचे मांजर टोपलीत घालून बरोबर नेले होते. हे मला त्याच आठवड्यात कळले. मी कोणाला काही बोलले नाही. कपाटातली जागा रिकामीच ठेवली आहे, आणि त्या मांजराला मी अजून क्षमा केलेली नाही. ती क्षमा जपून ठेवली आहे. तू रविवारी फोन करतोस तेव्हा माग.